भेटीच्या शनिवारी बजावलेला सम्मन

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर तालुक्यात मला पाहून हात पाठीमागे नेणारी माणसं मी चौतीस वर्षं पाहिली. तोंडानं 'या जी, बसा जी' चालू असायचं, चहा यायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची, पण हात काही पुढे यायचे नाहीत. कोर्टाचा कागद हातात घेतला की गुन्हा कबूल झाला, अशी इकडे पक्की समजूत आहे. कागद घेतलाच नाही तर केस आपोआप विरून जाते, हा तिचा दुसरा भाग. दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या. पण ही चूक लोकांनी केली नसती तर माझी नोकरी पोस्टमनच्या नोकरीसारखी सरळ झाली असती आणि मला सांगायला काहीच उरलं नसतं. म्हणून त्या चुकीचाही मी आभारीच आहे.

मी सौंसरच्या कोर्टात सम्मन बजावणारा होतो. मराठीत समन्स म्हणतात, पण आमच्या कोर्टाचा कारभार हिंदीत, त्यामुळे आमच्या तोंडी सम्मन. सरकारी कागदावर माझं पद होतं आदेशिका वाहक. लोक म्हणायचे, सम्मनवाले गजभिये भाऊ. सगळं आयुष्य 'मकान पर ताला पाया गया' असली वाक्यं लिहिण्यात गेलं. मराठीत इतकं लांबलचक प्रथमच लिहितो आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

काम दिसायला सोपं. कागदाच्या दोन प्रती. एक माणसाच्या हातात द्यायची, दुसरीवर त्याची सही घ्यायची. घेत नसेल तर तसं लिहायचं. घराला कुलूप असेल किंवा माणूस सापडतच नसेल तर दोन पंचांसमोर कागद दारावर चिकटवायचा, त्याला चस्पा करणं म्हणतात. मग तीन ओळींचा अहवाल. या तीन ओळींवरच पुढचं सगळं उभं असतं. माणसाला खबर मिळाली होती, तरी तो आला नाही, असं माझ्या अहवालावरून ठरलं की जज साहेब त्याच्याविना केस चालवतात आणि निकालही देतात. एखाद्याचं घर, शेत, लेकरू त्याच्या पाठीमागे ठरून जातं. नवीन असताना आमच्या म्हाताऱ्या नाजिरांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांनी, मला एवढंच सांगितलं होतं की जे डोळ्यानं पाहिलं तेच लिही. त्यांची मला अजून आठवण येते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. लोधीखेड्याला एक गृहस्थ मला म्हणाले, तुम्ही शोधता तो मी नाही, तो माझा भाऊ. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांचाच फोटो, खाली नाव, वर सत्काराचा हार. मी फोटोकडे बोट दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, जुळे आहोत जी. मी हे सगळं जसंच्या तसं अहवालात लिहून टाकलं आणि जज साहेबांनी तामील झाली, म्हणजे कागद पोचला, असं धरलं. दुसरी एक आजीबाई होती. मी तिच्या ओसरीवर बसलो तर लांबूनच तिला माझ्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं. सुईत दोरा एका दमात ओवून तिनं ते लावून दिलं, वरून पोहे खाऊ घातले. मी कागद काढला तशी म्हणाली, बापू, मले तं काहीच दिसत नाही.

अशा लोकांसाठी माझ्याजवळ युक्त्या होत्या. बाजाराच्या दिवशी गाठायचं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायचं, संत्र्याची तोड चालू असताना बागेत जायचं, कारण तोड सोडून कोणी पळत नाही. जो कागद इतरांकडून चार वेळा परत यायचा, तो नाजिर माझ्या पिशवीत टाकायचे. मला याचा गर्व होता. त्या गर्वातूनच विलासची गोष्ट घडली, आणि मला लिहायची आहे ती तीच.

विलास मोहगावचा, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याचं आणि वंदनाबाईंचं पटलं नाही, दोघांच्या राजीखुशीनं फारकत झाली. वंदनाबाई लोधीखेड्याकडच्या एका गावात सरकारी नर्स. त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. फारकतीच्या हुकुमात लिहिलं होतं की मुलगी आईजवळ राहील, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकरा ते एक बाप तिला कोर्टाच्या आवारात भेटेल, आणि बापाच्या लेखी संमतीशिवाय आई तिला राज्याबाहेर नेऊन ठेवणार नाही. भेट कोर्टात ठेवली, कारण दोन्हीकडचे नातेवाईक बाहेर भेटले की भांडायचे. आमच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर बाप-लेक दोन तास बसायचे आणि वंदनाबाई चिंचेखाली वाट पाहत उभ्या राहायच्या.

त्याच काळात विलासच्या भावानं त्याच्यावर शेताच्या बांधावरून दावा लावला. त्याचा सम्मन चार वेळा परत आला. विलास मिस्त्री कधी या विहिरीत, कधी त्या विहिरीत. घरी त्याची आई एकच उत्तर द्यायची, नागपूरले गेला. कागद माझ्या पिशवीत आला आणि माझ्या डोक्यात लगेच आलं की हा माणूस दर पहिल्या शनिवारी आपल्याच दारात येऊन बसतो.

त्या शनिवारी प्रज्ञा त्याच्या मांडीवर बसून वहीतली चित्रं दाखवत होती. साडेसात वर्षांची होती. त्याचा एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातात वही. मी मागून गेलो आणि सम्मन उघड्या वहीवर ठेवला. विलास दचकला. तो काही करणार तेवढ्यात पोरीनं कागद उचलला आणि हसत त्याच्या हातात दिला.

"बाबा, तुमचा कागद."

पोरीसमोर तमाशा नको म्हणून त्यानं सही केली. मी जिंकलो. नाजिरांनी चहा पाजला. कागद लेकीच्या हातून कसा बजावला, ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितली, अगदी पांढुर्ण्याच्या कोर्टातल्या मित्रांनासुद्धा. सगळे हसायचे. मीही हसायचो. आज ते हसणं आठवलं की लाज वाटते.

बांधाचा दावा काही महिन्यांत गावातच मिटला. मी विलासला विसरलो. पहिला शनिवार येत राहिला. वंदनाबाई पोरीला घेऊन यायच्या, पोरगी त्या बाकावर बसायची, एक वाजला की दोघी निघून जायच्या. वर्षभर तरी त्या आल्या असतील. मी पिशवी घेऊन त्यांच्या समोरून जायचो, कधी पोरीला विचारायचो, काय म्हणते शाळा? बाजूची जागा रिकामी आहे, हे मला दिसत होतं. का रिकामी आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. माणसं शोधणं हा ज्याचा धंदा, त्याच्या मनात यायला हवं होतं.

पावणेतीन वर्षांनी एक नोटीस माझ्या पिशवीत आली. वंदनाबाईंनी अर्ज केला होता की मुलीचा संपूर्ण ताबा एकट्या आईला मिळावा आणि बापाच्या संमतीची अट काढून टाकावी. कारण सोपं होतं. प्रज्ञा नागपूरच्या एका चांगल्या शाळेची परीक्षा पास झाली होती, मामाकडे राहून शिकणार होती. सौंसरहून नागपूर दीड तासावर, पण राज्य दुसरं. बापाची सही पाहिजे आणि बाप तर येतच नाही. शाळा जूनच्या शेवटापर्यंत जागा राखून ठेवणार होती. मे संपत आला होता.

बसमध्ये बसल्या बसल्या मी अर्जाची प्रत वाचली. बाप मुलीला भेटायला आला, तो शेवटचा शनिवार त्यात तारखेसह लिहिला होता. बजावणीच्या तारखा मी कधी विसरत नाही. माझ्या सम्मनचा शनिवार तोच. मोहगाव आलं तरी मी जागेवरून उठलो नव्हतो, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उतरलो.

विलासच्या घराला कुलूप नव्हतं, पण आईचं उत्तर तेच होतं, नागपूरले गेला. शेजारचे दोन जण पंच म्हणून सही करायला तयार होते. मी कागद दारावर चिकटवला असता तर सगळं कायद्यानं चोख झालं असतं. विलास आला नसता, निकाल एकतर्फी लागला असता, वंदनाबाईंना ताबा मिळाला असता, पोरगी वेळेत शाळेत गेली असती. माझी करणीही कोणाला कळली नसती. आणि मी त्याला शोधून काढलं, तो वकील लावून भांडायला उभा राहिला, तर केस दिवाळीपर्यंत लांबली असती आणि शाळेची जागा गेली असती. अर्धा तास मी त्या ओट्यावर बसून होतो. पण बाप येत नव्हता तो का, हे मला उमगलं असताना पोरीनं जन्मभर काय समजायचं, हा प्रश्न मनातून जाईना. मी पंचांना घरी पाठवलं.

तो दोन कोसांवरच्या एका विहिरीवर सापडला. मोटार उघडून बसला होता. या वेळी मी लपतछपत गेलो नाही, लांबूनच हाक मारली. तो पळाला नाही, फक्त उभा राहिला. मी त्याला नोटीस कशाची आहे ते सांगितलं आणि विचारलं की तू भेटायला येणं का सोडलंस.

तो म्हणाला, "पोरीच्या हातून कागद देल्ला तुम्ही मले. मले वाटलं, तिच्या मायनंच शिकवून ठेवलं होतं. पुन्हा गेलो असतो तं पुन्हा तिच्याच हातून काही निघालं असतं. थे मले पाहणं नव्हतं."

मी म्हटलं, "तिच्या मायले काही मालूम नव्हतं. पोरीलेही नव्हतं. थे सगळं माझं डोकं होतं, विलास. माझी चूक झाली."

 मग मला रागही आला. मी म्हटलं की एकदा, फक्त एकदा वंदनाबाईला फोन करून विचारलं असतंस तर? वर्षभर लेकराला बाकावर बसवून ठेवलंस. त्यानं मान खाली घातली. पोरगी बाकावर बसून असायची, हेही त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता की आपण गेलो नाही, म्हणजे तीही येणं बंद झाली असेल.

मग त्यानं तेलकट हात पँटला पुसले आणि पुढे केले. चौतीस वर्षांत स्वतःहून कागद मागून घेणारा मला तो एकच माणूस भेटला. सहीच्या प्रतीवर ग्रीसचे ठसे उमटले. नाजिर त्याबद्दल कुरकुरले, पण ती प्रत मी बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वंदनाबाईंकडे गेलो. हे माझ्या कामात बसत नव्हतं. लसीकरणाचा दिवस होता, लेकरं रडत होती. गर्दी सरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बाकावरचं आणि विहिरीवरचंही. त्या रजिस्टरमध्ये लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं.

"तुम्ही आमच्या समोरून जात होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी मले म्हणे, हे काका बाबाले ओळखतात, याईले विचारू का? मी म्हणो, कोर्टाच्या माणसाले काही विचारू नोको."

 त्यांनी विचारलं की आता तो येऊन नाही म्हणाला तर शाळेचं काय. मी म्हटलं, तसंही होऊ शकते. खोटा दिलासा मला देता आला नाही. त्यांनी मला जायला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण चहाही विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

तारखेच्या दिवशी विलास इस्त्रीचा शर्ट घालून आला. वकील नव्हता. मी फाइलींचा गठ्ठा घेऊन दाराशी उभा होतो. जज मॅडमनी त्याला हिंदीत विचारलं की बच्चीला भेटायला का नाही आलात. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर मी नोकरीच्या शेवटच्या वर्षात चांगलाच अडकलो असतो, असं मला वाटलं. तो म्हणाला, "डर गया था, मॅडम. गलती मेरी है."

त्या दोन वाक्यांसाठी मी त्याचा कायमचा आभारी आहे. पण ती ऐकून मला गप्पही राहवेना. मी पुढे होऊन सांगितलं की भेटीच्या वेळी, मुलीच्या हातून सम्मन मीच बजावला होता. मॅडमनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुम्ही तुमचं काम केलं. कायद्यानं खरं होतं. मला मात्र त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विलासनं मग स्वतःच सांगितलं की पोरगी मायजवळच राहू द्या, नागपूरला जाऊ द्या, माझी हरकत नाही. जिथं म्हणाल तिथं सही करतो. वंदनाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांचे वकील खूश होऊन बसायला लागले, तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या. बाहेरच्या लोकांना एक सांगतो, संपूर्ण ताबा आईला मिळाला म्हणजे शाळा, दवाखाना, राहणं हे सगळं ती एकटी ठरवते. बापाची भेट त्यानं आपोआप संपत नाही, पण पावणेतीन वर्षं न आलेल्या बापाची भेट बंद करा असं कोणी मागितलं तर कोर्ट त्याचा विचार करतं. वंदनाबाई तेच मागतील असं मला वाटलं.

त्या म्हणाल्या, "भेट बंद नका करू, मॅडम. फक्त कोर्टात नका ठेवू. रविवारी विहारात बुद्धवंदनेले मी पोरीले नेतो, तिथं भेटू द्या."

हुकूम तसाच झाला. ताबा एकट्या आईचा, संमतीची अट रद्द, भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या सौंसरच्या विहारात. त्याच दुपारी मॅडमनी नाजिरांना बोलावून सांगितलं की आईबाप आणि लेकरांच्या भेटीच्या वेळी यापुढे कोणाला कागद द्यायचा नाही. लेखी काही नव्हतं, पण माझ्या निवृत्तीपर्यंत ते पाळलं गेलं. नवीन पोरं अजून पाळतात असं ऐकतो. तसं आता बरेच सम्मन मोबाइलवरच जातात, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कामाची पद्धतही बदलून राहिली आहे.

प्रज्ञा वेळेत नागपूरला गेली. जुलैच्या पहिल्या रविवारी मामानं तिला आणलं. मी विहारात दर रविवारी जातोच, त्या दिवशी जरा मागे बसलो. बुद्धवंदना संपली, लोक पांगले. विलास कधीचा येऊन पायरीवर बसला होता. पोरगी आता उंच झाली होती. मांडीवर बसण्याचं वय गेलं होतं, ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.  मग तिनं विचारलं, "तुम्ही आले काऊन नाही?"

विलास म्हणाला, "मी भेलो होतो, बेटा."

"मी तं येत होती," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, रडली नाही, जवळही सरकली नाही. मी उठून जायला निघालो, तेव्हा तिनं मला पाहिलं आणि हाक मारली. मी जवळ गेलो. माझ्या हातून काय झालं होतं ते वंदनाबाईंनी तिला सांगितलं असेल का, ही भीती मनात होती. सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"काका, हे म्हणतात पुढच्या महिन्यात येतो. खरं सांगून राहिले का?"

दुसऱ्याच्या वतीनं शपथ घ्यायची आमच्या धंद्यात मनाई आहे. मी विलासकडे पाहिलं, तो खाली बघत होता. मी तिला म्हटलं, "ते मी कसं सांगू? पण नाही आले तं मी जाऊन घेऊन येईन. पत्ता मले मालूम आहे."

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. बापाकडे बघून हसली.

मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पहिल्या रविवारी मी विहारात सगळ्यांच्या आधी जातो आणि मोहगावकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसतो. अजून एकदाही जावं लागलं नाही.